हिपॅटायटिसचं प्रशिक्षण अंगावर आलंय? खान्देशातल्या नवख्या प्रशिक्षकांसाठी

तालुक्याहून पत्र येतं: ‘विषाणूजन्य हिपॅटायटिस प्रतिबंध व व्यवस्थापन या विषयावर कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आयोजित करून अहवाल सादर करावा.’ सोबत एक लांबलचक पीपीटी. बस्स. कोणाला बोलवायचं, काय शिकवायचं, सामान कुठून आणायचं, यातलं पत्रात काही नसतं. तुम्ही नवे मेडिकल ऑफिसर असाल, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) असाल, किंवा ‘सिस्टर, तुम्ही सिनियर आहात’ म्हणून तुमच्या गळ्यात हे पडलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मी अशी प्रशिक्षणं घेतली आहेत. त्याआधी समोर बसून ऐकलीही आहेत आणि जेवणानंतरच्या सत्रात डुलक्याही काढल्या आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात. हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज; ती आणणारे विषाणू पाच, ए ते ई. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात बी आणि सी ची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना सी होता. यातल्या बहुतेकांना आपल्याला काही झालंय याचा पत्ताच नसतो. आकडेवारी सांगायची तर एवढी पुरे, यापुढे लोक ऐकत नाहीत.

१. कोणाला बोलवायचं

पत्रात ‘कर्मचारी’ लिहिलेलं असतं आणि आपण डॉक्टर, सिस्टर आणि आशाताईंची यादी करतो. सुईशी सगळ्यात जास्त गाठ पडते ती सफाई कामगाराची, प्रसूतिगृहातल्या मावशीची आणि लॅब टेक्निशियनची. कचऱ्याच्या पिशवीतून सुई टोचते ती पिशवी उचलणाऱ्याला. १०८ चे चालक, शवविच्छेदनाला मदत करणारा कर्मचारी, रक्ताचे नमुने गोळा करणारी मुलं, ही माणसं यादीत हवीतच.

सगळ्यांना एका हॉलमध्ये कोंबू नका. डॉक्टरांसमोर मावशी तोंड उघडत नाहीत. सकाळचं सत्र सगळ्यांचं एकत्र ठेवा, त्यात फक्त सुई, हात आणि लस. दुपारी दोन गट करा: डॉक्टर-सीएचओ-लॅबवाल्यांना तपासणी आणि औषधं, आशा आणि एमपीडब्ल्यूंना (बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी) पाणी आणि गावातली कावीळ.

२. तारीख

बाजाराचा दिवस, मासिक सभेचा दिवस आणि पल्स पोलिओचा आठवडा टाळा. पाण्यातून येणाऱ्या काविळीसाठी मे महिना उत्तम, कारण जूननंतर प्रत्येक जण साथीच्या मागे धावत असतो. पण साक्री, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव पट्ट्यात काम करत असाल तर दसऱ्याच्या आधी अर्ध्या दिवसाची उजळणी ठेवा. ऊसतोडीला माणसं गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात गेली की रुग्णांचा पाठपुरावा सुटतो. त्यावर पुढे लिहिलंय.

३. कागद आणि सामान

आदल्या दिवशी टेबलावर मांडून बघा:

- हजेरीपट, आणि त्यात एक जास्तीचा रकाना: ‘हिपॅटायटिस बी लस: पहिला / दुसरा / तिसरा डोस, तारीख’
- लसीच्या व्हायल, आइसलाइन्ड रेफ्रिजरेटरचं तापमान रजिस्टर, एडी (एकदाच वापरता येणारी) सिरिंज
- हब कटर (सिरिंजची सुई कापणारं यंत्र), सुईने न भोसकला जाणारा पांढरा डबा, लाल आणि पिवळ्या पिशव्या
- सोडियम हायपोक्लोराइट, मोजपात्र, जाड रबरी हातमोजे
- एचबीएसएजी (बी ची तपासणी) आणि अँटी-एचसीव्हीची (सी ची तपासणी) रॅपिड किट (मुदत संपलेली एखादी असेल तर तीही आणा, शिकवायला चालते)
- क्लोरोस्कोप आणि ऑर्थोटोलिडिनची बाटली, म्हणजे पाण्यातला क्लोरीन बघायची आपली ओटी टेस्ट
- रेफरल चिठ्ठ्यांचं पुस्तक
- एक सुईटोच नोंदवही. नसेल तर साधी शंभर पानी वही आणून त्याच दिवशी सुरू करा

प्रोजेक्टर बारा वाजता बंद पडतो. वीज गेली म्हणून प्रशिक्षण थांबलं असं होऊ नये, त्यामुळे फळा आणि खडू घ्याच.

४. पहिला तास: तुमचा स्वतःचा तिसरा डोस झालाय का?

विषाणूच्या रचनेपासून सुरुवात करू नका. प्रत्येकाला उभं करून एवढंच विचारा: हिपॅटायटिस बी ची लस किती वेळा घेतली? उत्तरं ठरलेली असतात. ‘कॉलेजात एक घेतली होती.’ ‘दोन झाल्या, मग बदली झाली.’ ‘ती लहान मुलांना देतात ना?’ आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना लस टोचणाऱ्या सिस्टरला स्वतःचा तिसरा डोस आठवत नाही. हॉलमध्ये थोडी हशा पिकते आणि तिथून पुढे लोक खरंच ऐकायला लागतात.

मोठ्यांचं वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने. दंडाच्या स्नायूत द्यायची, कुल्ल्यात नाही. अर्धवट राहिलेला कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, राहिलेले डोस पुरे करायचे. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (बी विरुद्धची प्रतिपिंडं) तपासता आलं तर उत्तम. १० मिली-आययू प्रति मिलिलीटर किंवा त्याहून जास्त आलं की संरक्षण झालं समजा. कमी आलं तर तीन डोसांचा दुसरा कोर्स.

लस तिथल्या तिथे द्या. ‘नंतर येऊन घेऊन जा’ म्हटलं की संपलं.

सी वर लस नाही हेही याच तासात सांगून टाका. ‘हिपॅटायटिसची लस घेतलीय’ म्हणणाऱ्याला आपण सगळ्यांपासून सुटलो असं वाटत असतं.

५. पाच विषाणू, दोन वाटा

फळ्यावर मधोमध रेघ ओढा. एका बाजूला पाणी: ए आणि ई. दुसऱ्या बाजूला रक्त: बी, सी आणि डी. डी एकटा येत नाही, त्याला बी ची सोबत लागते, त्यामुळे बी ची लस डी पासूनही वाचवते. बी आणि सी वर्षानुवर्षं शरीरात दबून राहतात आणि पुढे लिव्हर सिरॉसिस किंवा कर्करोगापर्यंत नेतात. ए जुनाट होत नाही. ई सुद्धा एरवी नाही, प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्यांचा अपवाद.

दोन गोष्टींवर जरा थांबा. बाळाला जन्माच्या वेळी बी ची लागण झाली तर सुमारे दहापैकी नऊ बाळांत ती जुनाट होते. मोठ्या माणसात हे प्रमाण शंभरात पाचाहून कमी. आणि ई गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाला तर २० ते २५ टक्क्यांपर्यंत माता दगावू शकतात. गरोदर बाई पिवळी दिसली की ‘पित्त झालंय’ म्हणून घरी पाठवायचं नाही, हे आशाताईंच्या मनावर कोरलं जायला हवं.

६. सुई हातात देऊन शिकवा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. प्रत्येकाच्या हातात सिरिंज, समोर पाण्याची व्हायल आणि संत्रं. सांगा, ‘रोज टोचता तसं टोचा.’ मग नुसते हात बघा. इंजेक्शन झालं की डावा हात आपसूक टोपणाकडे जातो, सुईवर टोपण दाबतो, आणि नेमकं तेव्हाच टोक सरकून तर्जनीत घुसतं. टोपण परत लावायचंच नाही. सुई थेट हब कटरमध्ये, तुटलेला भाग पांढऱ्या डब्यात, सिरिंजचं प्लास्टिक लाल पिशवीत. पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. हलवून, दाबून जागा करू नका.

सफाई कामगारांकडून पिशवी उचलून घ्या. अंगापासून लांब, वरून धरून, खालून हात न लावता. सांडलेल्या रक्ताचाही सराव घ्या: लाल रंगाचं पाणी फरशीवर ओता, वर कापड टाका, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट, किमान दहा मिनिटं थांबा, मग पुसा. बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी. बाटलीवरची टक्केवारी आधी वाचा आणि द्रावण रोज ताजं करा. बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहतो, म्हणून ‘वाळलंय, आता काय होतंय’ हे चालणार नाही.

सुई टोचलीच तर काय करायचं ते भिंतीवर लावा:

१. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीच चोळू नका.
२. लगेच डॉक्टरांना सांगा, वहीत वेळ लिहा.
३. ज्या रुग्णाला वापरलेली सुई, त्याची संमती घेऊन एचबीएसएजी, अँटी-एचसीव्ही आणि एचआयव्ही तपासा.
४. रुग्ण बी पॉझिटिव्ह आणि कर्मचारी लस न घेतलेला असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आणि लसीचा पहिला डोस, शक्यतो २४ तासांत.
५. एचआयव्हीची शंका असेल तर औषध लवकरात लवकर, ७२ तासांच्या आत.
६. सी साठी टोचल्यानंतरचं प्रतिबंधक औषध नाही. आज तपासणी, मग ठरल्या तारखांना पुन्हा तपासणी, आणि लागण झालीच तर उपचार.

इम्युनोग्लोब्युलिन पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नसतं. जवळ कुठे मिळेल, रात्री फोन कोणाला करायचा, हे प्रशिक्षणाआधी स्वतः विचारून त्या कागदावर लिहा. कर्मचारी सुईटोच लपवतात, कारण सांगितलं की आधी बोलणी बसतात. ‘टोचली तर सांगा, कोणी रागावणार नाही’ हे वाक्य मेडिकल ऑफिसरच्या तोंडून, सगळ्यांसमोर यायला हवं.

आणि गरज नसलेलं इंजेक्शन. आपल्याकडे सलाईन लावल्याशिवाय बरं वाटत नाही, दवाखान्यात आलेला अप्पा स्वतःच बाही वर करतो. शेजारच्या गुजरातेत, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात २००९ मध्ये हिपॅटायटिस बी ची मोठी साथ आली, माणसं दगावली, आणि तपासात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचं समोर आलं. गावात लोकांना दोन प्रश्न शिकवा: हे इंजेक्शन लागतंच का? आणि ‘सुई नवी शे का?’ पेशंटने अहिराणीत हे विचारलं तर सिस्टरला राग येऊ नये, याचीही तयारी इथेच करून घ्या.

गोंदणाचा विषयही काढा. सारंगखेड्याची यात्रा, होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार, एकच मशीन, एकच सुई आणि रांगेत उभी असलेली तरुण पोरं. गोंदू नका म्हटलं तर कोणी ऐकणार नाही. दर माणसाला नवी सुई आणि नवी शाई मागा, एवढं सांगता येतं.

७. जन्माचा डोस

बाळाला हिपॅटायटिस बी चा पहिला डोस २४ तासांच्या आत, ०.५ मिली, डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून. हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी:

*‘एका बाळासाठी दहा डोसांची व्हायल कशाला फोडू?’* फोडा. ही लस ओपन व्हायल पॉलिसीत बसते. नियमाप्रमाणे ठेवली आणि व्हीव्हीएम (लसीला उष्णता लागली का ते दाखवणारी व्हायलवरची खूण) चांगला असला तर उघडलेली व्हायल २८ दिवसांपर्यंत चालते. उघडल्याची तारीख आणि वेळ मात्र लिहा.

*गोठलेली लस.* ही लस उन्हापेक्षा बर्फाने जास्त लवकर वाया जाते. सातपुड्यात नेताना गोठलेल्या आइसपॅकला चिकटून ठेवली की गेली, आणि व्हीव्हीएम गोठणं दाखवत नाही. आइसपॅक आधी बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे. शंका असेल तर शेक टेस्ट. ती शब्दांत सांगून कळत नाही. एक व्हायल मुद्दाम गोठवून, वितळवून, चांगल्या व्हायलशेजारी ठेवून दाखवा. गोठलेलीत गाळ झरझर खाली बसतो.

*आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह.* बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, दोन वेगळ्या मांड्यांत, जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर. म्हणजे अशा बाईचं बाळंतपण जिथे इम्युनोग्लोब्युलिन आहे तिथेच ठरवायला हवं, आणि त्यासाठी तपासणी नोंदणीच्याच वेळी व्हायला हवी. आईचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) जास्त असेल तर गरोदरपणातच टेनोफोविर देतात, तो निर्णय उपचार केंद्राचा. स्तनपान बंद करायचं नाही. हे तीनदा सांगा, कारण घरची म्हातारी माणसं आधी तेच बंद करतात.

अक्राणीच्या पाड्यांवर घरी बाळंतपण झालं तर २४ तास गाठणं अवघड आहे, हे मान्य करून बोला. दाईला आणि आशाला गरोदर बाईच्या तारखेआधीच सांगून ठेवणं एवढाच उपाय हाताशी असतो.

८. तपासणी आणि रेफर: डॉक्टर, सीएचओ, लॅब यांचा गट

रॅपिड किटचा निकाल किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचा. अर्ध्या तासाने आलेली फिकट रेघ पॉझिटिव्ह धरू नका.

अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे आज आजार आहेच असं नाही. शरीराशी विषाणूची कधीतरी गाठ पडली होती, एवढंच. आज आहे की नाही ते व्हायरल लोड सांगतो. त्याआधी ‘तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे’ असं तोंडातून काढू नका, लग्नं मोडतात.

व्हायरल लोडमध्ये सी निघाला तर सिरॉसिस नसलेल्यांना सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, १२ आठवडे, रोज गोळ्या. बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. सिरॉसिस असेल तर औषधं बदलतात. ते उपचार केंद्रावर किंवा मॉडेल उपचार केंद्रावर ठरतं, तुम्ही डोकं लावू नका. औषधं सुरू करण्याआधी एचबीएसएजी तपासलंय ना, हे बघा, कारण सी जाताना दबलेला बी उसळू शकतो. संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड. बी चं वेगळं: प्रत्येक पॉझिटिव्हला गोळी लागत नाही, पण तपासणी प्रत्येकाला आयुष्यभर लागते. ज्यांना टेनोफोविर किंवा एन्टेकाविर सुरू झालं त्यांनी आपल्या मनाने थांबवायचं नाही.

ऊसतोडीचा मुद्दा इथे येतो. बारा आठवड्यांचा कोर्स दसऱ्याला सुरू केला आणि आठवड्याने टोळी निघाली, तर पुढच्या गोळ्या कुठून? सुरुवातीलाच विचारा: मुकादम कोण, कारखाना कुठला, परत कधी? निघायची तारीख उपचार केंद्राला कळवली तर जास्तीचा साठा किंवा तिकडच्या केंद्राची चिठ्ठी यावर निदान बोलता येतं.

नंदुरबारात एक गोष्ट विसरू नका. डोळे पिवळे म्हणजे हिपॅटायटिसच असं नाही. सिकलसेलच्या (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) रुग्णाचेही डोळे पिवळे दिसतात, रक्तपेशी फुटतात म्हणून. उलट वारंवार रक्त घेतलेल्या सिकलसेल रुग्णाला बी आणि सी ची तपासणी हवीच. दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारा.

ताबडतोब वर पाठवायचे: काविळीसोबत गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, रक्तस्राव, पोटात पाणी, थांबत नसलेल्या उलट्या, आणि गरोदर असलेली प्रत्येक जण.

केसपेपरवर लाल शाईने ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ लिहायची सवय मोडा. काळजी प्रत्येक रुग्णाच्या वेळी सारखीच घ्यायची असते, मग लाल शाई कोणासाठी? पॉझिटिव्ह आहे म्हणून टाके घालायला किंवा बाळंतपणाला नकार देणं तर अजिबात नाही.

९. गावातली कावीळ: आशा आणि एमपीडब्ल्यूंचा गट

कावीळ उतरवणाऱ्याचा विषय टाळून प्रशिक्षण पुरं होत नाही. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी स्वतःच्या घरचं माणूस त्याच्याकडे नेलेलं असतं. खिल्ली उडवू नका, प्रयोग करा. आंब्याच्या अंतरसालीचा रस एखाद्या धडधाकट कर्मचाऱ्याच्या हाताला चोळा, वाळू द्या, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावा. पाणी पिवळं होतं. कावीळ नसलेल्याची कावीळ उतरली! गळ्यातली माळ लांबते ती काड्या सुकून गाठी सैल होतात म्हणून. ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं. पोटावर डाग देणं आणि अनोळखी पाला पाजणं मात्र निक्षून थांबवायला सांगा. उतरवणाऱ्याशी भांडायला जाऊ नका. गरोदर बाई आणि गुंगीतला माणूस आला तर आमच्याकडे धाडा, एवढा शब्द त्याच्याकडून घ्या. तो मिळतो.

आता पाणी. आपल्याकडे आठ-आठ दिवसांनी नळ येणारी गावं आहेत. नळ बंद असताना पाइप रिकामा राहतो आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटारीचं पाणी आत ओढलं जातं. इचलकरंजीची २०१२ ची ई ची साथ आपल्याच राज्यातली. ई ची लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात, म्हणून रुग्ण आज निघाला तर आजचं पाणी तपासून भागत नाही. महिना-दीड महिन्यापूर्वी कुठे खोदलं होतं, कुठे गळती झाली, लग्नाच्या पंगतीला पाणी कुठलं होतं, ते विचारायचं.

ओटी टेस्ट प्रत्येकाकडून करून घ्या. टाकीजवळच्या नळावर नाही, गावाच्या शेवटच्या घरातल्या नळावर. जलसुरक्षकाला सोबत बसवा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं पोतं उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो आणि मग कितीही पावडर टाका, पाण्याला रंग येत नाही. घरात पाणी साठवणाऱ्यांसाठी उकळणं किंवा मेडिक्लोर, आणि पिण्याचं पाणी ओगराळ्याने काढणं.

१०. अहवाल पाठवल्यानंतर

पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचे गुण कागदावर छान दिसतात, शेजाऱ्याचं बघून लिहिलेले असतात. त्यावर वेळ घालवू नका. महिनाभराने न सांगता उपकेंद्रावर जा आणि चार गोष्टी बघा: पांढऱ्या डब्यात टोपण लावलेल्या सुया आहेत का, हायपोक्लोराइटच्या बाटलीवर आजची तारीख आहे का, मागच्या महिन्यातल्या किती बाळांना २४ तासांत डोस मिळाला, आणि सुईटोच वहीत एखादी तरी नोंद आहे का. वही महिनोन्‌महिने कोरी असेल तर बहुधा लोक अजून लपवताहेत.

हजेरीपटातला तो जास्तीचा रकाना तुमच्याजवळ ठेवा. दुसऱ्या डोसला महिन्याने आणि तिसऱ्याला सहा महिन्यांनी प्रत्येकाला फोन करावा लागतो. तोवर काहींची बदली झालेली असते, कंत्राटी सफाई कामगार बदललेले असतात. बदली झालेल्यांना तारखांची चिठ्ठी नव्या पीएचसीच्या सिस्टरच्या नावाने द्या, आणि नवा कामगार रुजू झाला की त्याचा पहिला डोस त्याच दिवशी.